सहाव्या दिवशीच्या अक्षता

निंगव्वाच्या पोरीचा तो सहावा दिवस होता, आणि सहाव्या दिवसाशी निंगव्वाचं जुनं वैर होतं. दोन वर्षांमागं तिचा पहिला मुलगा सहाव्याच दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास गेला होता. गेला तो गेला. पोरं काय कुणाची जात नाहीत? त्या काळात सोलापुरात जिचं एकही मूल गेलं नाही अशी बाई शोधायला भरदिवसा कंदील घेऊन हिंडावं लागलं असतं. पण निंगव्वाचं दुखणं निराळं होतं. तिचं पोर अंगावर लिंग न बांधता गेलं होतं.

लिंगायताच्या घरी मूल जन्मलं की मठाचे अय्या घरी येतात. पाटावर बसतात, एवढ्याशा लिंगावर पाणी घालतात, विभूती लावतात, बाळाच्या कानात मंत्र सांगतात आणि ते लिंग फडक्यात गुंडाळून दोऱ्यानं बाळाच्या अंगावर बांधतात. तिथून ते मूल आपलं. जगलं तर आपल्या पंगतीत बसतं, मेलं तर आपल्या मातीत बसतं. कारण लिंगायत मेला तरी त्याला आडवा करत नाहीत, समाधीत बसवतात आणि लिंग त्याच्या हातावर ठेवतात. पण ज्याला लिंगच नाही त्याचं काय? "थांबू की बाराव्यापर्यंत, नाव ठेवायला अय्या येतीलच," असं तेव्हा घरात ठरलं होतं. पोर काही बाराव्यापर्यंत थांबलं नाही. मग अय्या म्हणाले, लिंग नाही त्याला आपल्या रुद्रभूमीत जागा देता येत नाही. निंगव्वाचा नवरा शिवप्पा ते गाठोडं छातीशी धरून एकटाच गावाबाहेरच्या ओढ्याकडं गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. कुठं ठेवलं म्हणून तिनं विचारलं, तर भिंतीकडं तोंड करून पडला. दोन वर्षं झाली, त्यानं जागा सांगितली नव्हती. पोरासाठी आणलेलं लिंग कोनाड्यात तसंच पडून होतं.

आता ही पोर. आठव्या महिन्यातली. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं बायका म्हणतात. आणि हे नेमकं बाळंतिणीच्या कानाशीच येऊन म्हणतात. पोर वीतभर होती. ओढून पिण्याचं बळ नव्हतं, म्हणून कापसाच्या बोळ्यानं दूध ओठांवर पिळायचं. रडायची ती मांजराच्या पिल्लाएवढं. सुईण बजाबाई जाताना सांगून गेली होती, "टाहो फोडंल त्या दिशी समजायचं, पोरगी ऱ्हायली. तवर काय सांगता येत न्हाय बग." सहा दिवस निंगव्वा त्या टाहोची वाट बघत होती.

वीरय्या अय्यांचा मठ दोन गल्ल्या सोडून होता. हाक मारली तर काठी टेकत टेकत यावेत एवढंच अंतर. तरी ते आले नव्हते, आणि त्याचं कारण रुद्रप्पा शेटच्या मुलीचं लग्न.

रुद्रप्पा शेट म्हणजे मंगळवार पेठेतलं मोठं कापडाचं दुकान. शिवप्पाचा लांबचा चुलता आणि जवळचा मालक. शिवप्पा त्याच्या दुकानात गजानं कापड मोजून फाडायचा. शेटकडं सगळं होतं, फक्त बड्या लोकांत ऊठबस नव्हती. ती आता या लग्नात जमणार होती. सोनेरी अक्षरांच्या पत्रिका छापल्या होत्या. मामलेदार येणार होते, वकील येणार होते, गिरणीतला एक साहेबसुद्धा येतो म्हणाला होता. कुणा वकिलाच्या घरी शेटनं एकदा ऐकलं की, त्यांच्या भावाला मूल झालंय, त्यामुळं सोयर आहे, दहा दिवस ते कार्याला येणार नाहीत. शेटला ते फार भारदस्त वाटलं. आपल्यातही असं काहीतरी असावं असं त्याच्या मनानं घेतलं. आता लिंगायत धर्मानं जन्माचा विटाळ शेकडो वर्षांपूर्वी उंबऱ्याबाहेर काढला, तो कशासाठी? रुद्रप्पा शेटनं पुन्हा पायघड्या घालून आत आणावा म्हणून? पण माणसाला मोठं व्हायचं असलं की नसतं लोढणंही तो हौसेनं गळ्यात बांधून घेतो.

तेव्हा शेटनं फर्मान काढलं. लग्न होईपर्यंत अय्यांनी बाळंतिणीच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि शिवप्पा? त्याच्याशिवाय मांडवाचा एक वासा उभा राहिला नसता. म्हणून त्याला विटाळ लागू नये याची सोय केली. त्यानं सहा दिवस दुकानातच निजायचं. पोर जन्मली तेव्हा दारातून एकदा बघितली तेवढीच.

त्या दिवशी सकाळी शिवप्पा कोट न्यायला आला आणि उंबऱ्याबाहेर गल्लीतच उभा राहिला. निंगव्वा पोरीला घेऊन आतल्या अंगाला बसली होती.

"अय्यास्नी इचारलं का?" तिनं आतूनच विचारलं.

"इचारलं."

"मग?"

"लगीन होऊ दे म्हनले. परवाच्याला येतो म्हनले."

"परवा आटवा दिस."

"व्हय."

"आज सावा हाय."

शिवप्पानं कोटासाठी हात पुढं केला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. लहानपणापासून शेटच्या दुकानात वाढलेला, "बरं मालक" याच्यापलीकडं त्याला शब्द फुटत नसे. त्याच्या आईनं, मल्लव्वानं, कोट बाहेर नेऊन दिला. त्यानं तो घातला, आत एकदा मान लांब करून बघितलं, आणि गेला.

निंगव्वा बराच वेळ पोरीच्या छातीकडं बघत बसली. फासळ्या हलत होत्या, पण मधेच थांबल्यागत वाटायचं, आणि त्या प्रत्येक थांबण्याला निंगव्वा बोट पोरीच्या नाकाशी धरायची. उन्हं उंबऱ्यावर आली. तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, ती उठली आणि पेटीतून लग्नातलं इरकली लुगडं काढलं.

"कुटं निगालीस?" मल्लव्वानं विचारलं.

"लग्नाला."

मल्लव्वा चुलीपुढून उठलीच. "याड लागलंय का तुला? सा दिसांची बाळंतीण तू! ह्या उनाचं त्या जिवाला घिऊन? आन शेट उबं करंल व्हय दारात? थांबू की परवापर्यंत, अय्या येतीलच. एवढी काय घाई—"

बोलता बोलता ती थांबली. तेच शब्द होते. दोन वर्षांपूर्वी याच चुलीपुढं, याच तोंडानं ती हेच म्हणाली होती. निंगव्वानं तिच्याकडं नुसतं बघितलं. लुगड्याचा ओचा खोवता खोवताही तिची नजर मल्लव्वावरून हलली नाही.

"अव्वा, पैल्या वक्ताला मी तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "आता न्हाय ऐकायची. अय्या माज्या घरी येत न्हाईत ना? मग मी जाते त्येंच्याकडं. ते मांडवात हाईत तर मांडवात जाते."

तिनं कानाला फडकं घट्ट बांधलं, पोरीला मऊ धोतराच्या दुहेरी तुकड्यात गुंडाळलं, कोनाड्यात हात घातला आणि दोन छोट्या पुरचुंड्या काढून पदराच्या गाठीत बांधल्या. मल्लव्वा दाराशी आडवी उभी होती. निंगव्वा जवळ आली तशी ती बाजूला झाली. देवाच्या फळीवरचा विभूतीचा गोळा काढून तिनं सुनेच्या हातात ठेवला.

"त्येंच्याकडं आसंल म्हना," ती खाली बघत म्हणाली. "पर आपलं आसू दे."

कोपऱ्यावर पीरसाबचा टांगा उभा होता. पीरसाब म्हातारा, गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या त्याच्याच टांग्यातून सासरी आल्या होत्या. कानाला फडकं बांधलेली बाळंतीण जरीकाठाच्या लुगड्यात येताना बघून तो टांग्यावरून खाली उतरला.

"दवाखान्यात का, बेटी?"

"न्हाय काका. बाळीवेशीत. लग्नाला."

पीरसाबनं तिच्याकडं बघितलं, कुशीतल्या गाठोड्याकडं बघितलं. मग आपल्या डोक्यावरचा पटका सोडून पाण्यात भिजवला आणि टांग्याच्या उन्हाकडच्या बाजूला पडद्यासारखा बांधला. "बिस्मिल्ला," म्हणाला आणि घोडा पावलापावलानं चालवला. एरवी तोच पीरसाब घोड्याला इतकं पिटाळायचा की आतल्या माणसाचे दात वाजावेत.

वैशाखातलं सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. बाळीवेशीत पोचेपर्यंत निंगव्वाच्या डोळ्यांपुढं दोनदा काळोख आला. शेटनं अख्खा रस्ता अडवून मांडव घातला होता. पुढं भाड्याच्या खुर्च्या, त्यांवर बडी मंडळी. मागं जाजमावर भाऊबंद. बायकांची बाजू वेगळी. रस्त्याच्या तोंडाला बँडवाले. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं, म्हणून दारात एक माणूस रुमाल घेऊन उभा केलेला. अय्यांनी हात वर केला की त्यानं रुमाल हलवायचा, रुमाल हलला की बँडनं सुरुवात करायची, आणि त्याच वेळी सगळ्यांनी अक्षता टाकायच्या. वकिलांच्या घरच्या लग्नात असा नेमकेपणा शेटनं पाहिला होता. अक्षता आधीच वाटून झाल्या होत्या. मुहूर्ताला थोडा अवकाश होता आणि चार-पाचशे माणसं मुठी आवळून घामेघूम बसली होती.

गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बाईनं निंगव्वाला ओळखलं आणि तिचा हात हवेतच राहिला. "अगं बया, तू? तुजी तर सुवेर—"

"शिपड की," निंगव्वा म्हणाली. "पोरीवर बी शिपड."

आणि ती चालत राहिली. बायकांच्या बाजूला वळली नाही. मधल्या वाटेनं, खुर्च्यांच्या रांगांमधून, सरळ नवरा-नवरीच्या पाटांकडं. तिथं शेजारी चौरंगावर वीरय्या अय्या बसले होते. पुढं पाच कलश मांडलेले. अय्यांनी तिला बघितलं आणि मंत्र अर्ध्यावर सोडला.

रुद्रप्पा शेट जरीचा फेटा सावरत आडवा आला. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच ठेवून त्यानं दातांतून विचारलं, "काय लावलंस हे?"

"पाया पडते, मामंजी," निंगव्वा म्हणाली. "पत्रिका आली आमच्या घरी. सहकुटुंब या म्हनून लिवलंय. ह्येंनीच वाचून दावलं. म्हनून घिऊन आले कुटुंब."

"सुवेर चाललीय तुजी. धा दिस झालं न्हाईत. हितं कोन कोन बसलंय, बगितलंस का? मागं फिर. आन मोट्यानं बोलू नगंस."

मोठ्यानं बोलू नको म्हटल्यावर निंगव्वा अर्थातच मोठ्यानं बोलली.

"कुनाची सुवेर, मामंजी? आपल्यात कवापास्नं आली? पोरीला लिंग बांधायचं हाय. अय्या घरी येईनात, म्हनून मी हितं आले. हितं बांधत्याल तर बांधू द्या, न्हायतर माज्या संगं घरी येऊ द्या. दोनीतलं एक केल्याबिगर मी हलायची न्हाय."

मांडवात कुजबुज उठली. मागची माणसं गुडघ्यांवर उभी राहून बघू लागली. पहिल्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "मुलगीच आहे म्हणे." तेवढं निंगव्वाच्या कानावर पडलं आणि ती त्या बाजूला वळली.

"व्हय, मुलगीच हाय. मला बी लिंग हाय आन मी बी मुलगीच हुते." मग तिनं सगळ्या मांडवावरून नजर फिरवली. आयुष्यात इतक्या पुरुषांपुढं ती कधी तोंड वर करून उभी राहिली नव्हती. तरी आवाज निघाला, आणि तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "ह्या मांडवात गळ्यात लिंग असल्यालं जे कोन बसलंय, त्येला ते कुटं बांधलं? बाळंतिणीच्या बाजंपाशीच की! मामंजी, तुमचं बी तितंच बांधलं आसंल. तवा अय्या बाटलं न्हाईत. मग आजच कसं बाटत्याल?"

कितीतरी हात नकळत छातीशी गेले. शेटचाही गेला, त्यानं तो मधूनच फेट्याकडं वळवला.

पहिल्या रांगेतले म्हातारे वकील, ज्यांच्यासाठी हे सगळं सोवळंओवळं चाललं होतं, ते कानाशी हात नेऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, "रुद्रप्पा, तुमच्यात सोयर नाही हे खरं का हो?"

शेटनं नाइलाजानं मान हलवली.

"बरं आहे की मग!" वकील म्हणाले. "आमच्याकडे दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी अडकलेलंच. सुटलात तुम्ही."

शेजारच्या खुर्च्यांवर हशा पिकला. शेटही ओढूनताणून हसला. पण इतकी माणसं बघत असताना मागं घेणारा तो गडी नव्हता. त्यानं आवाज मऊ केला. "बरं, आसं कर. संध्याकाळी मी सोता अय्यास्नी तुज्या घरी धाडतो. आता जा."

"दिवेलागणीच्या आत का नंतर?" निंगव्वानं विचारलं.

शेटला त्यातलं काही कळलं नाही. अय्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली.

"शिवप्पा!" शेट ओरडला. आता हसू उरलं नव्हतं. "ह्या बाईला भाईर ने!"

शिवप्पा खुर्च्यांच्या कडेला अत्तर-गुलाबाचं चांदीचं तबक घेऊन उभा होता. मघापासून तिथंच उभा होता, पाय जमिनीत रोवल्यासारखा. तो निघाला. लोकांनी वाट करून दिली. निंगव्वा त्याच्याकडं बघत राहिली आणि पहिल्यांदा ती घाबरली. शेटला तोंड देता येत होतं, पाचशे माणसांना देता येत होतं. पण यानं आता दंडाला धरलं तर? यानं धरून ओढलं तर तिच्यात ताकद उरली नव्हती.

शिवप्पा पुढ्यात आला. तबक ठेवायला जागा दिसेना, म्हणून त्यानं ते शेटच्याच हातात दिलं. मग दोन्ही हात निंगव्वापुढं धरले.

"पोरगी दे माज्याकडं," तो म्हणाला. "तू बस. उबं ऱ्हावंना तुला."

शिवप्पानं मुलगी घेतली. कापडाचा तागा धरायला सरावलेले हात, त्यांना एवढंसं काही कसं धरायचं ते समजेना. कोपर कुठं, मान कुठं, सगळा घोळ. पण धरली. निंगव्वा तिथंच जाजमावर मटकन बसली.

"उद्यापास्नं दुकानाची पायरी चडू नगंस," तबक हातात घेऊन शेट म्हणाला.

"बरं मालक," शिवप्पा म्हणाला. तो पोरीकडं बघत होता.

अय्या चौरंगावरून उतरले. सत्तरीचा माणूस, गुडघे कुरकुरत होते. शेटकडं त्यांनी बघितलं नाही, निंगव्वाकडंही नाही. तिच्यासमोर जाजमावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आण."

निंगव्वानं पदराची गाठ सोडली. दोन पुरचुंड्या होत्या. दोन्ही उलगडून तिनं त्यांच्या तळहातावर ठेवल्या. दोन काळी, करंगळीच्या पेराएवढी लिंगं. एक नवं तुळतुळीत, एकावर दोन वर्षांची धूळ.

"दोन?" अय्यांनी विचारलं.

"एक हिचं. दुसरं कुनाचं, ते तुमाला ठावं हाय."

अय्यांना ठाऊक होतं. जागा नाही असं सांगितलं तेव्हा शिवप्पा ज्या तोंडानं उंबऱ्यावरून मागं फिरला होता, ते त्यांनाही विसरता आलं नव्हतं. त्यांनी दोन्ही लिंगं डाव्या हातावर शेजारी शेजारी ठेवली. लग्नाच्या कलशातलं पाणी दोन्हींवर घातलं. निंगव्वानं मल्लव्वाचा विभूतीचा गोळा पुढं केला, त्यातली विभूती अय्यांनी दोन्हींना लावली. मग जुनं लिंग त्याच्या फडक्यात गुंडाळून निंगव्वाला परत दिलं, नवं फडक्यात बांधलं, शेजारी टेकलेल्या बापाच्या हातातल्या पोरीवर वाकले, तिच्या कानात हळूच मंत्र सांगितला आणि दोरा तिच्या गळ्याशी सैल गाठीनं बांधला.

इथपर्यंत सगळं शांतपणे झालं. पण पन्नास वर्षांची सवय माणसाला सोडत नाही. बांधून झाल्याबरोबर अय्यांनी उजवा हात उंच केला आणि ठेवणीतल्या खड्या आवाजात गर्जना केली, "शिवाय नमः!"

दारातल्या माणसानं हात वर गेलेला बघितला आणि रुमाल हलवला.

बँड धडाडून सुरू झाला. मागच्यांना पुढचं काय दिसणार? अर्धा तास मुठीत भिजलेल्या अक्षता, कधी एकदा सुटतात असं सगळ्यांना झालेलं. मामलेदारांनी टाकल्या, वकिलांनी टाकल्या, गिरणीच्या साहेबानं शेजाऱ्याचं बघून टाकल्या, जाजमावरच्या भाऊबंदांनी उठून उठून टाकल्या. अय्यांचा हात होता तिकडं सगळ्या गेल्या. पाचशे माणसांच्या अक्षता शिवप्पाच्या कोटावर, निंगव्वाच्या केसांत आणि त्या वीतभर पोरीच्या अंगावर पडल्या.

"थांबा! थांबा! ह्ये लगीन न्हवं!" शेट नाचत ओरडत होता, तबकातले गुलाब खाली सांडत होते. बँडपुढं त्याचं कोण ऐकतो? पाटावरच्या नवरीला हसू फुटलं. मावशीनं मागून चिमटा घेतला तशी ती आणखीच हसली.

आणि पोरीनं टाहो फोडला. बँडच्या ढोलानं दचकली म्हणा, अक्षता तोंडावर पडल्या म्हणून म्हणा. पण फोडला, आणि असा फोडला की क्लॅरिनेटवाल्याच्या वर गेला. निंगव्वानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. सहा दिवस आवरून धरलेलं रडणं होतं ते, आवरायचं आता काही कारण नव्हतं.

नव्यानं तांदूळ रंगवून अक्षता करेपर्यंत मुहूर्त टळला. पुढं लग्न लागलं, व्यवस्थित लागलं, पण ते बघायला ही दोघं थांबली नाहीत. आहेराचं पागोटं नाही, पान नाही. टांग्यात बसल्यावर पीरसाबनं आतून येणारं रडणं ऐकलं, दाढी कुरवाळली आणि विचारलं, "घरी ना?"

निंगव्वा हो म्हणणार होती.

"न्हाय," शिवप्पा म्हणाला. "ओढ्याकडं घ्या, काका. पल्याडच्या लिंबापाशी."

निंगव्वानं वळून त्याच्याकडं बघितलं. तो समोर घोड्याच्या कानांकडं बघत होता.

ओढ्यात पाणी नव्हतं. लिंबाखाली तीन दगड मांडलेले होते. निंगव्वा जवळ गेली. आजूबाजूला बोरीचं रान माजलेलं, पण दगडांभोवतीची हातभर जागा स्वच्छ होती. एक काटकी नाही, गवताचं पातं नाही.

"कोन झाडतं हितं?" तिनं विचारलं.

"सोमवारचं येतो मी," शिवप्पा म्हणाला. "दुकान उघडायच्या आदी."

"मला का सांगितलं न्हाई?"

"बिनलिंगाचा हुता. कुटल्या तोंडानं दावू तुला?"

निंगव्वा खाली बसली. दगडांमधली माती तिनं बोटांनी उकरली. कडक माती, नखांत रुतत होती. शिवप्पा वाकू लागला तशी ती म्हणाली, "तुमी पोरीवर सावली धरा. ह्ये मी करते." चांगलं टीचभर खोल उकरल्यावर तिनं जुनं लिंग फडक्यासकट आत ठेवलं.

आता मंत्र. तो गुरूनं सांगायचा असतो. बाईनं सांगायचा नसतो, असं मल्लव्वा म्हणाली असती, अय्या म्हणाले असते, शेट तर नक्कीच म्हणाला असता. निंगव्वानं मघाशी अय्यांच्या ओठांकडं नीट बघून ठेवलं होतं. ती दोन्ही हात टेकून पार खाली वाकली, ओठ मातीला लागतील इतकी, आणि कानात सांगावा तसा तो मंत्र तिनं आपल्या लेकाला सांगितला.

वाकली तेव्हा केसांत अडकलेल्या अक्षता खाली पडल्या, दगडांवर आणि उकरलेल्या मातीत. तिनं त्या वेचल्या नाहीत. माती वर ओढली, हातानं थापून सारखी केली, आणि भुकेनं रडणाऱ्या पोरीला पाजायला मागून घेतलं.